सरकारने जमीन घेतली तर मावेजा बरोबर लागलाय का, ते घरी बसून कसं तपासायचं

गावात भूसंपादनाची नोटीस आली की पारावर पहिला प्रश्न एकच असतो, एकरी किती मिळणार. आमच्याकडे पण तेच झालं. महामार्गात आमची एक एकराच्या आसपास जमीन गेली, मोसंबीची बाग होती त्यात, आणि पहिले चार महिने आम्ही फक्त आकडेच ऐकत बसलो, कुणी म्हणे पन्नास लाख, कुणी म्हणे पाचपट, कुणी म्हणे अमक्या गावाला कोटी मिळाले. त्या चार महिन्यांत जे करायला पाहिजे होतं ते केलं नाही. म्हणून हे सगळं सविस्तर लिहितोय, ज्यांच्या दारात आत्ता नोटीस आलीय त्यांनी तरी वेळ घालवू नये.

एक गोष्ट आधी डोक्यात पक्की करा. मावेजा म्हणजे एक आकडा नाही, एका मूळ दरावर चढवलेले मजले आहेत. मूळ दरात १ रुपया कमी धरला गेला तर ग्रामीण भागात शेवटी ४ रुपयांपर्यंत कमी येतात. आणि विहीर, झाडं, पाइपलाइन यातलं १ रुपयाचं काही नोंदवायचं राहिलं तर २ रुपये जातात. त्यामुळे खरी लढाई निवाडा, म्हणजे मावेजा ठरवणारा भूसंपादन अधिकाऱ्याचा आदेश, झाल्यावर कोर्टात नसते, ती निवाड्याच्या आधी असते, दर ठरताना आणि मोजणीच्या दिवशी.

आधी नोटिशीचं पहिलं पान नीट वाचा आणि कोणत्या कायद्याखाली जमीन घेतायत ते बघा. धरण, कालवा, बायपास अशा बऱ्याच कामांना २०१३ चा भूसंपादन कायदा लागतो, जो १ जानेवारी २०१४ पासून अमलात आला. राष्ट्रीय महामार्ग असेल तर नोटिशीत राष्ट्रीय महामार्ग अधिनियम १९५६ आणि कलम ३-अ, ३-ड असे शब्द दिसतील. रेल्वेचा, एमआयडीसीचा कायदा वेगळा, राज्याच्या रस्त्यांसाठी महाराष्ट्र महामार्ग अधिनियम १९५५ आहे. पद्धत, मुदती आणि दाद कुठे मागायची हे कायद्याप्रमाणे बदलतं. महामार्गासाठी मावेजा काढायची २०१३ च्या कायद्याची रीत १ जानेवारी २०१५ पासून लागू आहे, म्हणून खालचा हिशोब महामार्गवाल्यांनाही तसाच उपयोगी आहे.

मूळ दर कसा निघतो

२०१३ च्या कायद्याचं कलम २६ म्हणजे या सगळ्याचं काळीज आहे. त्यात सांगितलंय की जमिनीचा बाजारभाव काढताना दोन आकडे समोर ठेवायचे आणि जो जास्त असेल तो धरायचा. एक, रेडी रेकनरचा दर, म्हणजे मुद्रांक शुल्कासाठी सरकारने ठरवलेला जमिनीचा दर. दोन, जवळपासच्या तशाच जमिनींच्या खरेदीखतांची सरासरी. संपादन खासगी कंपनीसाठी किंवा सरकार आणि खासगी यांच्या भागीदारीतल्या प्रकल्पासाठी असेल तर तिसरा आकडा येतो, संमतीने ठरलेली रक्कम.

सरासरीचा नियम लोकांना माहीतच नसतो आणि नुकसान इथेच होतं. ज्या वर्षी संपादन प्रस्तावित झालं त्याच्या लगेच आधीच्या तीन वर्षांतली खरेदीखतं घ्यायची, दरानुसार उतरत्या क्रमाने लावायची, आणि वरची अर्धीच धरून त्यांची सरासरी काढायची. सगळ्यांची सरासरी नाही. आठ खरेदीखतं असतील तर सर्वात जास्त दराची चार.

हे कागदावर केल्याशिवाय कळत नाही, म्हणून समजायला सोपे असे मनाचे आकडे घेऊन दाखवतो. समजा तुमची ४० आर, म्हणजे साधारण एक एकर जमीन गेली. रेडी रेकनर हेक्टरी १२ लाख आहे. आसपासची आठ खरेदीखतं मिळाली, हेक्टरी दर लाखात असे: ३०, २८, २५, २४, १८, १५, १४, १२. सगळ्यांची सरासरी येते २०.७५ लाख. वरच्या चारांची येते २६.७५ लाख. कायद्याप्रमाणे २६.७५ धरायला पाहिजे, रेकनरपेक्षा तो जास्तच आहे.

४० आरचे झाले १० लाख ७० हजार.
ग्रामीण भागाचा गुणक २ धरला तर २१ लाख ४० हजार.
विहीर ३ लाख आणि झाडं १ लाख ६० हजार मिळवली की २६ लाख.
त्यावर दिलासा रक्कम (जमीन सक्तीने गेली म्हणून वर मिळते ती) शंभर टक्के, म्हणजे आणखी २६ लाख. झाले ५२ लाख.

आता हेच गणित कुणी २०.७५ लाखाने केलं तर ४२ लाख ४० हजार येतात. फरक ९ लाख ६० हजारांचा, आणि तो सुद्धा एका एकराला. निवाड्यात फक्त "सरासरी दर" असं लिहिलेलं असतं आणि शेतकरी शेवटचा मोठा आकडा बघून गप्प बसतो. म्हणून निवाड्यासोबत खरेदीखतांचा तक्ता मागा आणि कॅल्क्युलेटर घेऊन स्वतः बसा.

गुणकाबद्दल. शहरी हद्दीत तो १ असतो, ग्रामीण भागात १ ते २ च्या मधे, शहरापासूनच्या अंतरावर अवलंबून, आणि नेमका किती ते राज्य सरकार अधिसूचना काढून ठरवतं. आपल्या राज्यात हा आकडा वेळोवेळी बदललाय, त्यामुळे शेजारच्या गावाला पाच वर्षांपूर्वी २ लागला म्हणून तुम्हाला लागेलच असं धरून चालू नका. तुमच्या प्राथमिक अधिसूचनेच्या तारखेला, म्हणजे २०१३ च्या कायद्यात कलम ११ आणि महामार्गाला ३-अ, कोणती अधिसूचना चालू होती ती शोधा आणि निवाड्यात कोणता गुणक वापरलाय तो ताडून बघा.

अजून एक मजला बरेच जण विसरतात. बाजारभावावर वर्षाला १२ टक्के दराने वाढीव रक्कम मिळते, सामाजिक परिणाम अभ्यासाची अधिसूचना निघाल्यापासून निवाडा किंवा ताबा यातलं जे आधी होईल तिथपर्यंत. महामार्गाला तो अभ्यास नसतो तिथे ३-अ च्या तारखेपासून धरतात. वरच्या उदाहरणात दीड वर्ष लागलं असेल तर १० लाख ७० हजारांवर १८ टक्के म्हणजे १ लाख ९२ हजार ६००. दिवस मोजून बघा, तारीख पुढची धरलेली असते कधी कधी.

खरेदीखतं कुठून काढायची

नोंदणी विभागाच्या वेबसाइटवर ई-सर्च आहे, तिथे जिल्हा, तालुका, गाव आणि गट नंबर टाकला की वर्षाप्रमाणे सूची २ दिसते, म्हणजेच आपण ज्याला इंडेक्स टू म्हणतो ते. एकेक गट नंबर टाकत बसावं लागतं, वेळखाऊ आहे, पण गावातल्या कॉलेजच्या दोन पोरांना बसवलं तर दोन-तीन दिवसांत अख्ख्या गावाचं काम होतं. नेट चालत नसेल तर दुय्यम निबंधक कार्यालयात अर्ज करून नकला मिळतात. वही करा किंवा एक्सेलमध्ये टाका: गट नंबर, तारीख, क्षेत्र, रक्कम, हेक्टरी दर, जिरायत की बागायत, रस्त्यापासून किती लांब. तुमच्या गावात खरेदीखतंच कमी असतील तर लगतच्या गावातली घ्या, कायदा जवळच्या गावाचं म्हणतोच.

काही खतं टिकत नाहीत ते पण माहीत असू द्या. बक्षीसपत्र, हक्कसोड, वाटणीपत्र ही विक्री नाही. अधिसूचनेनंतर झालेली खरेदी चालत नाही, त्यामुळे नोटीस आल्यावर नातेवाइकाच्या नावाने चढ्या भावात खत करायचा सल्ला कुणी दिला तर त्याला नमस्कार करा. याच कायद्याखाली आधीच्या संपादनात दिलेला मावेजा पण सरासरीत धरत नाहीत. दोन-दोन गुंठ्यांच्या एनए (बिगरशेती) प्लॉटचे दर शेतजमिनीला तसेच्या तसे लागत नाहीत, रस्ते-नाल्यासाठी कपात करतात. आणि एखादा दर खरा बाजारभाव दाखवत नाही असं अधिकाऱ्याला वाटलं तर तो बाजूला ठेवायचा अधिकार त्याला आहे, पण का बाजूला ठेवला ते लेखी मागा, नुसतं "विचारात घेतले नाही" यावर थांबू नका.

इथे एक कडू गोष्ट लिहावीच लागते. आपण गावोगाव इतकी वर्षं मुद्रांक शुल्क वाचवायला खतात कमी रक्कम टाकत आलोय, ५० ला घ्यायचं आणि २० लिहायचं, बाकीचे रोखीत. तेच २० आता सरकार तुमच्यासमोर ठेवतं. म्हणून ज्यांनी खरी रक्कम लिहिली ती खतं शोधून काढणं जास्तच महत्त्वाचं आहे. बँकेचं कर्ज काढून घेतलेल्या जमिनींची खतं बहुतेक खरी निघतात, आधी ती बघा.

रेडी रेकनरमध्ये पण डोळे उघडे ठेवा. शेतजमिनीचा दर आकारणीच्या गटाप्रमाणे असतो आणि जिरायत की बागायत याने फरक पडतो. सातबाऱ्यावर पीकपाहणीत वर्षानुवर्षं "पडीक" किंवा नुसती "ज्वारी" असेल आणि शेतात ऊस उभा असेल तर कागद ऊस मानत नाही. अजून नोटीस आली नसेल पण रस्त्याची चर्चा सुरू असेल तर आजच ई-पीक पाहणी भरा, विहीर-बोअरची नोंद इतर हक्कात लावून घ्या, वारसाचे फेरफार पूर्ण करा. बहिणींची नावं राहिली असतील तर ती पण लावा, त्यांचा हक्क आहे तो, आणि नाव नाही म्हणून नंतर हरकत आली की सगळ्यांचीच रक्कम अडकून प्राधिकरणात (भूसंपादनाचे वाद ऐकणारं न्यायासन) किंवा कोर्टात जमा होते. भोगवटादार वर्ग २ (सरकारच्या परवानगीशिवाय विकता न येणारी) किंवा इनाम जमीन असेल तर आधीच तहसीलला जाऊन स्थिती बघून या.

संयुक्त मोजणीचा दिवस

आमचं जे नुकसान झालं ते या दिवशी. वडील त्या दिवशी दवाखान्यात होते, मी बाहेरगावी, शेतावर फक्त चुलते. मोजणीवाले, कृषीवाले, तलाठी असे सहा-सात जण आले, तासाभरात आटोपलं आणि पंचनाम्यावर चुलत्यांची सही घेतली. महिन्याभराने मी नक्कल काढली तर मोसंबीची झाडं २६ लिहिलेली. होती ६२. कुणीतरी आकडा उलटा लिहिला आणि कुणीच परत वाचला नाही. विहीर सामाईक होती, तिची नोंद फक्त चुलत्यांच्या सातबाऱ्यावर, त्यामुळे आमच्या नावावर विहिरीचा हिस्साच नाही. आणि जमिनीखालून गेलेली तीन इंची पाइपलाइन तर कुणाच्या डोळ्याला दिसलीच नाही.

झाडांचं दोन अर्ज करून, फोटो लावून, फेरपाहणी करून दुरुस्त झालं. विहिरीचा हिस्सा चुलत्यांच्या संमतीपत्रावर मिळाला. पाइपलाइनचे पैसे शेवटपर्यंत आले नाहीत कारण बिल नव्हतं आणि खोदून दाखवायला तोवर शेत ताब्यात गेलं होतं.

तर तुम्ही हे करा. मोजणीच्या आधी दोन दिवस स्वतः सगळं मोजा. फळझाडांना चुन्याने नंबर टाका, जात आणि वय लिहा. सागवान, लिंब, बाभूळ यांचा घेर छातीच्या उंचीवर टेपने मोजा. घर, गोठा, कांदाचाळ, शेततळं, ठिबक, पाइपलाइन, कुंपण, विजेची मोटर, पेटी, सगळ्याचे फोटो आणि एक सलग व्हिडिओ, फोनमध्ये तारीख आणि लोकेशन चालू ठेवून. पाइपलाइन दोन-तीन ठिकाणी उघडी करून ठेवा. त्या दिवशी घरातला वाचता येणारा माणूस शेतावर हजर पाहिजेच. पंचनामा पूर्ण वाचल्याशिवाय सही करायची नाही, कोऱ्या फॉर्मवर तर अजिबात नाही. चुकलेलं असेल आणि दुरुस्त करत नसतील तर सहीच्या वर स्वतःच्या हाताने "झाडांची संख्या मान्य नाही, प्रत्यक्षात ६२ आहेत" असं लिहा आणि मग सही करा. त्याच आठवड्यात भूसंपादन अधिकाऱ्याकडे अर्ज द्या आणि आपल्या प्रतीवर आवकचा शिक्का घ्या, शिक्का नसलेला अर्ज दिला काय नि न दिला काय सारखंच.

कायद्याच्या कलम २९ प्रमाणे बांधकामाचं मूल्य अभियंत्याकडून, झाडांचं त्या त्या विषयाच्या जाणकाराकडून आणि उभ्या पिकाचं शेतीतल्या अनुभवी माणसाकडून काढून घेता येतं. आपल्याकडे सहसा बांधकामाला सार्वजनिक बांधकाम, फळझाडांना कृषी आणि इमारती लाकडाला वन विभाग असतो. प्रत्येक विभागाच्या मूल्यांकनाची प्रत माहिती अधिकारात मागता येते, १० रुपये फी, ३० दिवसांत उत्तर द्यायला पाहिजे.

उरलेल्या जमिनीचं विसरू नका. रस्ता मधून गेला आणि विहीर एका बाजूला, रान दुसऱ्या बाजूला पडलं, किंवा कोपऱ्यात चार गुंठ्यांची चिंधी राहिली जिथे ट्रॅक्टर वळत नाही, तर या तुकडे पडण्याच्या नुकसानाचा विचार कलम २८ मध्ये आहे. पण कुणी आपणहून विचारणार नाही, नकाशा जोडून लेखी मागणी तुम्हीच करायची. ओलांडायला बोगदा किंवा पाइप टाकायची सोय पाहिजे असेल तर तीही याच वेळी मागा, रस्ता झाल्यावर काही होत नाही.

वाटाघाटीने थेट खरेदी आली तर

राज्य सरकारच्या १२ मे २०१५ च्या शासन निर्णयाने थेट खरेदीत नेहमीच्या मावेजावर २५ टक्के जास्त द्यायची सोय झाली. समृद्धी महामार्गाच्या वेळचं "पाचपट" इथूनच आलं: मूळ दर १, गुणकाने २, दिलासा रकमेने ४, वर २५ टक्के म्हणजे ५. वाईट नाही, पैसे पण लवकर येतात. पण पाचपट कशाची, हे विचारल्याशिवाय खत करू नका. मूळ दर १२ लाख धरून पाचपट म्हणजे ६०, आणि २६.७५ धरून चौपट म्हणजे १०७. आणि खरेदीखत करून दिलं की नंतर वाढीव मावेजा मागायला जागा राहत नाही. माझं मत विचाराल तर मूळ दर वरच्या अर्ध्या सरासरीने धरला असेल तर थेट खरेदी घ्यावी, नसेल तर घेऊ नये.

निवाडा हातात आल्यावर

मुदती आता कॅलेंडरवर लिहायच्या. प्राथमिक अधिसूचनेनंतर हरकतीला २०१३ च्या कायद्यात ६० दिवस असतात, महामार्गाला फक्त २१. निवाडा मान्य नसेल तर २०१३ च्या कायद्यात कलम ६४ खाली जिल्हाधिकाऱ्याकडे अर्ज करून प्रकरण प्राधिकरणाकडे पाठवायला सांगायचं. निवाड्याच्या वेळी तुम्ही किंवा तुमचा माणूस हजर होता तर निवाड्यापासून ६ आठवडे. हजर नसाल तर नोटीस मिळाल्यापासून ६ आठवडे किंवा निवाड्यापासून ६ महिने, यातलं जे आधी संपेल ते. उशीर झालाच तर सबळ कारण दाखवून पुढच्या एका वर्षात अर्ज घेता येतो, पण त्या भरवशावर राहू नका. महामार्गाला कलम ३-ग (५) खाली लवादाकडे जायचं आणि लवादाचा निर्णय पटला नाही तर जिल्हा न्यायालयात, तिथे मुदत ३ महिन्यांची. कोर्ट लवादाचा आकडा सहसा स्वतः वाढवून देत नाही, त्यामुळे खरेदीखतं, फोटो, मूल्यांकन सगळा पुरावा लवादासमोरच द्या, नंतर देऊ म्हणून मागे ठेवू नका.

पैसे घ्यायचे की नाही, यावर गावात वाद होतात. घ्या, पण पावतीवर आणि अर्जात "हक्क राखून, हरकतीसह रक्कम स्वीकारली" असं लिहून घ्या. काही न लिहिता रक्कम घेतली तर वाढीव मागायचा हक्क जातो. तयार छापील फॉर्ममध्ये "मला निवाडा मान्य आहे" ही ओळ असते कधी कधी, ती खोडा आणि शेजारी सही करा. आणि २०१३ च्या कायद्यात पूर्ण मावेजा दिल्याशिवाय ताबा घेता येत नाही. आधीच ताबा घेतला असेल तर पहिल्या वर्षाला ९ टक्के आणि पुढे १५ टक्के व्याज मागा.

टॅक्सचं थोडक्यात: २०१३ च्या कायद्याच्या कलम ९६ प्रमाणे मावेजावर आयकर नाही, तरी काही ठिकाणी टीडीएस कापलेला दिसतो. कापला असेल तर रिटर्न भरून परत मागता येतो. वाढीव रकमेवरच्या व्याजाचा प्रश्न वेगळा आहे, त्यासाठी सीएकडे जाच.

ज्यांची जमीन २०१५ च्या आधी राष्ट्रीय महामार्गात गेली आणि दिलासा रक्कमच मिळाली नाही, त्यांच्यासाठी सर्वोच्च न्यायालयाचा २०१९ चा तरसेम सिंग निकाल आहे. दिलासा रक्कम आणि व्याज नाकारणारी तरतूद त्यात घटनाबाह्य ठरली आणि फेब्रुवारी २०२५ मध्ये न्यायालयाने हा निकाल मागच्या प्रकरणांनाही लागू असल्याचं परत सांगितलं. जुनी फाइल काढून वकिलाला दाखवा.

आणि ज्यांनी ६४ चा अर्ज केलाच नाही त्यांच्यासाठी एक दार उघडं असतं. त्याच अधिसूचनेतल्या दुसऱ्या शेतकऱ्याला प्राधिकरणाने जास्त दर दिला तर कलम ७३ प्रमाणे तुम्हीही तोच दर मागू शकता, पण त्या निर्णयाच्या तारखेपासून ३ महिन्यांत, आणि नक्कल मिळायला लागलेले दिवस त्यातून वगळतात. गावातल्या कुणाचं प्रकरण चालू आहे, पुढची तारीख कधी आहे, हे दर महिन्याला विचारत राहा आणि निकाल लागला त्याच दिवशी नकलेचा अर्ज टाका.